अॅल्युमिनियम कुठलं घ्यायचं आणि त्याच्याशी वागायचं कसं: घरच्या वर्कशॉपसाठी

तीन मिलिमीटर जाडीची ६०६१-टी६ ची पट्टी व्हाइसमध्ये धरून मी काटकोनात वाकवत होतो. साठेक अंशांपर्यंत काहीच झालं नाही. मग ‘टक्’ असा बारीक आवाज आला. बाकाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी रेघ उमटली होती. आणखी जरा जोर दिला तशी ती उघडली आणि आतला राखाडी, दाणेदार धातू दिसायला लागला. पट्टीत खोट नव्हती, मापही बरोबर होतं. चुकली होती ती निवड. वाकवायच्या कामासाठी मी सगळ्यात ‘मजबूत’ म्हणून तो धातू आणला होता, आणि तो मजबूत होता म्हणूनच तुटला.

तेव्हापासून कुठल्याही कामाआधी मी पहिला प्रश्न हाच विचारतो: या तुकड्याला मी काय काय करणार आहे? वाकवणार, भोकं पाडून आटे काढणार, वेल्ड करणार की नुसता कापून स्क्रूने बसवणार? ताकदीचा प्रश्न त्यानंतर येतो. घरच्या कामात अॅल्युमिनियम वापरताना तुटून वाया जाण्यापेक्षा घडवतानाच वाया जातं, हा माझा अनुभव आहे.

चार आकडे काय सांगतात

घडीव अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना चार आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा मुख्य जोडीदार धातू सांगतो. १००० ची मालिका म्हणजे ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध अॅल्युमिनियम. २००० मध्ये तांबं, ३००० मध्ये मँगनीज, ४००० मध्ये सिलिकॉन, ५००० मध्ये मॅग्नेशियम, ६००० मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही, ७००० मध्ये जस्त. एवढं पाठ असलं की पत्र्यावरचा शिक्का वाचून निम्मी कल्पना येते.

घरच्या कामाला यातले मोजकेच पुरतात. माझी यादी अशी (डॅशनंतरच्या अक्षराचा अर्थ पुढे येतो):

- ५०५२-एच३२: पत्र्याच्या कामाचा राजा. डबे, झाकणं, ट्रे, मशीनची कव्हरं, जे जे वाकवायचं ते यात करावं. दमट आणि खाऱ्या हवेतही टिकतो. यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) साधारण १९० मेगापास्कल, म्हणजे अगदी लेचापेचाही नाही.
- ३००३-एच१४: आणखी नरम. ठोकून वाटीसारखा आकार द्यायचा असेल, घडी घट्ट घालायची असेल तर हा.
- ६०६१-टी६: जाड पट्टी, सळई, ठोकळा. यील्ड सुमारे २७६. मशीनवर छान कापला जातो, आटे चांगले धरतो, वेल्ड होतो. थंड वाकवायला मात्र नाखूश. काही ठिकाणी याच्या जागी ६०८२ मिळतो. घरच्या कामात दोघांत फारसा फरक पडत नाही.
- ६०६३: अँगल, चॅनेल, चौकोनी पाइप आणि खिडक्यांच्या चौकटी बहुतेक याच्याच असतात. ६०६१ पेक्षा कमी ताकदीचा, पण पृष्ठभाग सुरेख आणि अॅनोडायझिंग (विजेने वरचा ऑक्साइडचा थर वाढवणं) देखणं होतं.

२०२४ आणि ७०७५ ही नावं विमानांमुळे माहीत असतात. ७०७५-टी६ ची यील्ड ५०० मेगापास्कलच्या वर जाते, साध्या बांधकामाच्या स्टीलच्या दुप्पट. पण हे दोन्ही नेहमीच्या आर्क वेल्डिंगला तडकतात, वाकवायला कठीण, गंजायला सोपे आणि महाग. फिक्स्चर (काम धरून ठेवणारं साधन) किंवा एखादा जास्त ताण घेणारा छोटा भाग मशीनवर करायचा असेल तरच त्यांच्या वाटेला जावं. आकडा मोठा म्हणून धातू चांगला, असा हिशेब इथे चालत नाही.

डॅशनंतरचं अक्षर जास्त महत्त्वाचं

६०६१ एवढंच सांगून आणलेला तुकडा म्हणजे अर्धी माहिती. डॅशनंतरचं अक्षर, ज्याला टेम्पर म्हणतात, ते सांगतं की धातू आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. ‘ओ’ म्हणजे पूर्ण नरम केलेला. ‘एच’ म्हणजे दाबून, लाटून कडक केलेला: १०००, ३००० आणि ५००० या मालिका अशाच कडक होतात. ‘टी’ म्हणजे उष्णतेने घडवलेला: २०००, ६००० आणि ७००० या मालिका. टी४ मध्ये धातू तापवून पाण्यात विझवतात आणि साध्या हवेत मुरू देतात. टी६ मध्ये विझवल्यानंतर पुन्हा मंद आचेवर कित्येक तास मुरवतात. टी६५१ दिसलं तर तो ठोकळा विझवल्यावर ताणून आतला ताण काढलेला आहे. एका अंगाने बरंच खरवडून काढायचं असेल तर तोच घ्यावा, म्हणजे काम चालू असताना तुकडा केळीसारखा वाकत नाही.

हे मुरण्याचं गुपित १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या हाती लागलं. तांबं आणि मॅग्नेशियम घातलेला अॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवला, तेव्हा तो काही खास कडक नव्हता. पण तोच नमुना दोनेक दिवसांनी मोजला तर आपोआप कडक झालेला! विरघळलेलं तांबं आतल्या आत अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडायला लागतं आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांना अडवतं. विमानांच्या कारखान्यांत २०२४ चे रिव्हेट विझवल्यावर शीतपेटीत ठेवत, ते याचसाठी: गारठ्यात मुरणं थांबतं, रिव्हेट नरम राहतो आणि ठोकून बसवल्यानंतर विमानावरच कडक होतो.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. टी६ ची ताकद उष्णतेने आलेली आहे आणि उष्णतेनेच जाते. ६०६१ पूर्ण नरम केला तर यील्ड २७६ वरून ५५ च्या आसपास उतरते. टॉर्च मारून वाकवलेला टी६ चा तुकडा दिसतो तसाच, पण तो आता टी६ राहिलेला नसतो.

ताकद एक, ताठपणा दुसरा

फळीचा ब्रॅकेट झुकतो म्हणून लोक ६०६३ काढून ७०७५ लावायचा विचार करतात. काही उपयोग होत नाही. भार आल्यावर किती वाकायचं, हे इलॅस्टिक मॉड्युलसवर ठरतं, आणि तो अॅल्युमिनियमच्या सगळ्या मिश्रधातूंत जवळपास एकच असतो: ७० गिगापास्कलच्या आसपास. स्टीलचा २००. म्हणजे त्याच मापाची पट्टी स्टीलच्या जवळपास तिप्पट झुकणार, नंबर कुठलाही असो.

उपाय जाडीत आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे जाडी १.४४ पट केली की स्टीलएवढा ताठपणा येतो. घनता २.७ विरुद्ध ७.८५ असल्यामुळे वजन तरीही निम्म्यावरच राहतं. याहून चांगलं म्हणजे पट्टीऐवजी अँगल, चॅनेल किंवा चौकोनी पाइप घेणं. किंवा पत्र्याची कड वाकवून उभी करणं.

आणखी एक स्वभाव लक्षात असू द्या. सतत हेलकावणाऱ्या भाराखाली स्टीलला एक सुरक्षित मर्यादा असते, तिच्या आत तो थकत नाही. अॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. पुरेशा वेळा हलवलं तर छोट्या ताणानेही तडा जातो. म्हणून सायकलचे हँडल, स्टेम, शिडीच्या पायऱ्या, माणूस लटकेल असे हुक, ही कामं घरी करू नयेत.

नंबर नसलेला तुकडा

भंगारातला तुकडा हाती आला तर आधी तो अॅल्युमिनियम आहे का ते पाहा, कारण मॅग्नेशियमही तसाच पांढरा आणि हलका दिसतो, आणि त्याचा चुरा भयंकर पेटतो. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरडा तुकडा ८१ ग्रॅम आणि काटा ३० दाखवत असेल, तर भागाकार २.७: अॅल्युमिनियम. १.८ च्या आसपास आला तर मॅग्नेशियम, बाजूला ठेवा. ६.५ च्या वर आला तर जस्ताचं ओतकाम.

मालिका ओळखायला कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण कामी येतं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. चष्मा, रबरी हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, कारण यातून हायड्रोजन निघतो. घासून स्वच्छ केलेल्या जागी थेंब टाकून काही मिनिटांनी धुवा. डाग काळा पडला तर तांबं आहे, म्हणजे २००० मालिका किंवा ७०७५ सारखा. पांढरट राहिला तर १०००, ३००० किंवा ५०००. राखाडी छटा सिलिकॉनची. यातून नेमका नंबर कळत नाही, पण वेल्ड करू नये असा तुकडा वेगळा काढता येतो. तेवढं पुष्कळ झालं. ज्यावर काही महत्त्वाचं अवलंबून आहे, ते काम मात्र शिक्का असलेल्या मालातच करावं.

आखणी आणि कापणी

बाकाची रेघ सुईने ओढू नका. ओरखडा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. मार्कर वापरा. सुई फक्त कापायच्या रेघेवर. साधी पेन्सिलही नको. ग्रॅफाइट ओलाव्यात अॅल्युमिनियमला कुरतडतं.

हॅकसॉचं पातं निवडताना निदान तीन दाते एकाच वेळी धातूत असावेत. तीन मिलिमीटरच्या पट्टीला इंचाला २४ दात्यांचं पातं बसतं. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ३२ दातेही अपुरे पडतात, तिथे पत्रा दोन प्लायवूडच्या मध्ये धरून लाकडासकट कापायचा किंवा पातं खूप तिरकं धरायचं. जाड ठोकळ्याला उलट, १८ किंवा त्याहून कमी दाते, नाहीतर दात्यांमधली जागा चुऱ्याने भरते आणि पातं नुसतं घसरतं.

हा चिकटपणा अॅल्युमिनियमच्या सगळ्याच कामात नडतो. कापताना धातू धारेलाच चिकटतो आणि मग धार कापत नाही, ओरबाडते. उपाय वंगण. पात्याला मेण चोळा, ड्रिलला राकेल किंवा पातळ तेल लावा, कानशीला आधी खडू घासा. कानशीच्या दातांत बसलेला धातूचा खडा पुढच्या फेरीत खोल ओरखडा काढतो. दर दहा-बारा फटक्यांनी तारेचा ब्रश मारायची सवय लावून घ्या. शेवटच्या फिनिशिंगला एकेरी दातांची कानस दुहेरीपेक्षा गुळगुळीत काम देते.

पॉवर सॉवर कापायचं असेल तर अलोह धातूंसाठीचं, शून्य किंवा उणे रेकचं (म्हणजे दाते पुढे न झुकलेलं) कार्बाइड पातं लावा आणि तुकडा घट्ट क्लॅम्प करा. हाताने धरून कधीही नाही.

बेंच ग्राइंडरच्या दगडावर अॅल्युमिनियम घासू नका. धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. दुसरा धोका चुऱ्याचा. अॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आणि गंजलेल्या लोखंडाच्या धुळीत मिसळली तर ते थर्माइटचंच (लोखंड वितळवण्याइतकी उष्णता देणारं) मिश्रण झालं. म्हणून दोन्ही धातूंची घासणी एकाच जागी, एकाच व्हॅक्यूमने करायची नाही. अॅल्युमिनियमचा चुरा पेटलाच तर पाणी मारू नका, हलक्या हाताने कोरडी वाळू पसरा.

भोकं आणि आटे

एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटला अॅल्युमिनियममध्ये मिनिटाला ६० मीटरचा वेग सहज चालतो. म्हणजे ६ मिलिमीटरच्या बिटाला सुमारे ३२०० फेरे, १० च्या बिटाला १९००. हातातल्या ड्रिलचा वेग बहुधा याच्या आतच असतो, त्यामुळे छोट्या बिटांना पूर्ण वेगाने चालवायला हरकत नाही. मधूनमधून बिट बाहेर काढून चुरा झटका. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, लांब गुंडाळ्या हात आत ओढतात. पत्र्यात मोठं भोक हवं असेल तर साधं बिट तिकोनी भोक पाडतं. पायऱ्यांचं बिट घ्या आणि खाली लाकूड ठेवा.

आट्यांसाठी एम५ ला ४.२, एम६ ला ५ आणि एम८ ला ६.८ मिलिमीटरचं भोक. टॅप (आटे काढायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, राकेल सढळ. आट्यांची खोली बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दुप्पट ठेवा: एम६ ला ९ ते १२ मिलिमीटर. पट्टी तेवढी जाड नसेल तर आटे काढायचा हट्ट सोडून आरपार बोल्ट घाला किंवा रिव्हेट-नट (भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) बसवा. आणि जो बोल्ट वारंवार उघडायचा आहे, तिथे सुरुवातीलाच स्टीलच्या तारेचा इन्सर्ट बसवून टाकावा. अॅल्युमिनियममधले आटे दहाव्या-पंधराव्या वेळी हातात येतात आणि तेव्हा वाईट वाटतं.

वाकवणं

सुरुवातीला तुटलेल्या त्या पट्टीकडे परत येऊ. बाक घेताना बाहेरचा थर ताणला जातो. आतली त्रिज्या जितकी लहान, तितका ताण जास्त. ५०५२-एच३२ चा पातळ पत्रा जाडीएवढ्या किंवा दीडपट त्रिज्येवर काटकोनात येतो. ३००३-एच१४ त्याहूनही घट्ट वळतो. ६०६१-टी६ ला मात्र जाडीच्या निदान तिप्पट-चौपट त्रिज्या हवी. माझ्या तीन मिलिमीटरच्या पट्टीला ९ ते १२ मिलिमीटर लागली असती. मी व्हाइसच्या धारदार जबड्यावर वाकवत होतो, म्हणजे त्रिज्या जवळजवळ शून्य.

आता मी असं करतो. त्याच पत्र्यातून २५ मिलिमीटर रुंद नमुना कापून आधी तो वाकवून पाहतो. पत्र्यावर लाटण्याच्या बारीक रेघा दिसतात. बाकाची रेघ त्यांना आडवी येईल असा तुकडा आखतो, समांतर आली तर तडा लवकर जातो. कापलेल्या कडा कानशीने गोल करतो, कारण तडा नेहमी कडेवरच्या बुरापासून (कापताना उरलेल्या धारदार कंगोऱ्यापासून) सुरू होतो. जबड्यांना हव्या त्या त्रिज्येचा कठीण लाकडाचा ठोकळा लावतो. मग एका दमात, लाकडी हातोड्याने किंवा दुसऱ्या ठोकळ्याने रेटून वाकवतो. धातू थोडा मागे येतो, कडक टेम्पर जास्त येतो. म्हणून काही अंश पुढे न्यायचं. किती, ते नमुना सांगतो. एकदा वाकवलेला बाक सरळ करून पुन्हा वाकवू नये.

६०६१ घट्ट वाकवल्याशिवाय गत्यंतर नसेल तर तेवढीच जागा नरम करावी लागते. इथे अडचण अशी की अॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही. ६०६१ साधारण ५८० अंश सेल्सियसला वितळायला लागतो, आणि डोळ्यांना काहीच खूण दिसत नाही. एका क्षणी तुकडा असतो, दुसऱ्या क्षणी जमिनीवर थेंब असतो. म्हणून बाकाच्या पट्ट्यावर धुण्याचा साबण कोरडा चोळायचा. टॉर्च सतत हलती ठेवून तापवायचं. साबण पिवळट होतो, तपकिरी होतो, आणि काळा पडला की आच लगेच बाजूला. गार होऊ द्या आणि मग वाकवा. तापलेला तुकडा गारासारखाच दिसतो, त्यावर खडूने ‘गरम’ लिहून ठेवा. त्या जागेची ताकद आता पुष्कळ कमी झाली आहे, हे धरून पुढची रचना करा. पुन्हा टी६ करायचं म्हणजे ५३० अंशांवर भट्टीत ठेवून पाण्यात विझवणं आणि मग १७५ अंशांच्या आसपास आठेक तास मुरवणं. नेमकं तापमान राखणारी भट्टी असेल तरच त्यात पडावं.

जोडणी

घरच्या कामात माझा पहिला कौल रिव्हेटला. उष्णता नाही, टेम्पर शाबूत, चुकलं तर ड्रिलने काढता येतं. ४ मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटला ४.१ चं भोक, कडेपासून मध्यापर्यंत निदान ८ आणि दोन रिव्हेटमध्ये निदान १२ मिलिमीटर. पत्रे भोकं पाडून सुटे करा, दोन्ही अंगांचे बुर काढा, पुन्हा जुळवा आणि मगच ओढा. मध्ये बुर राहिला तर सांधा कधीच घट्ट बसत नाही.

बोल्ट वापरताना धातूंची जोडी पाहा. ओलाव्यात अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आले की झिजतं ते अॅल्युमिनियम. पण क्षेत्रफळाला महत्त्व आहे: मोठ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यात छोटा स्टेनलेस स्क्रू बऱ्यापैकी निभावतो, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात अॅल्युमिनियमचा रिव्हेट लवकर खलास होतो. नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना ग्रीस लावलं की काळजी बरीच मिटते. पितळ आणि तांबं मात्र ओल्या जागी अॅल्युमिनियमला भिडू देऊ नका. लांब पट्टी दुसऱ्या धातूवर बसवताना भोकं लांबट ठेवा. एक मीटर अॅल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने जवळपास १ मिलिमीटर वाढतं, स्टील त्याच्या निम्मं.

वेल्डिंगची खरी अडचण वरचा ऑक्साइडचा थर आहे. धातू ६६० अंशांच्या आत वितळतो, तो थर २००० च्या वर. एसी टिग (टंगस्टनच्या कांडीचं, उलटसुलट प्रवाहावरचं आर्क वेल्डिंग) त्याला फोडतं, पण त्याआधी डिग्रीस करून, फक्त अॅल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासायलाच हवं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर यासाठी कधीही वापरू नका; आर्कच्या प्रकाशाने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ६०६१ ला सांध्यात भरायला ४०४३ ची काडी सहज वाहते आणि तडे कमी जातात. अॅनोडायझिंग करायचं असेल तर ५३५६, कारण ४०४३ चा सांधा काळपट दिसतो. सांध्याच्या शेजारची ताकद बरीच उतरते, म्हणून सांधा जास्त ताणाच्या जागेपासून दूर ठेवा. बंद पाइप तापवण्याआधी त्याला छोटं भोक पाडा, नाहीतर आतली कोंडलेली हवा वितळलेला धातू बाहेर फेकते.

टॉर्चवर वितळणाऱ्या जस्ताच्या काड्या भेगा बुजवायला, छोटी झाळ द्यायला ठीक आहेत. काडी आचेने नव्हे तर तापलेल्या धातूने वितळली पाहिजे, आणि वितळलेल्या थराखाली स्टेनलेसच्या तारेने खरवडलं पाहिजे. भार घेणारा सांधा मात्र यावर सोडू नये.

शेवटचा हात

आतल्या कामाला काहीच लावलं नाही तरी चालतं, धातू स्वतःचा थर स्वतःच धरतो. रंग द्यायचा असेल तर घासून, डिग्रीस करून त्याच दिवशी एचिंग प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर) मारा. साधा रंग थेट लावला तर वर्षभरात पापुद्रे सुटतात. अॅनोडायझिंगला पाठवताना नंबर सांगा आणि एका वस्तूचे सगळे भाग एकाच मिश्रधातूचे ठेवा, नाहीतर रंगाच्या छटा जुळत नाहीत.

आणि नवी पट्टी कापताना शिक्का नसलेल्या टोकाकडून सुरुवात करा. उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर मार्करने नंबर आणि टेम्पर दोन्ही लिहा. माझ्याकडे ६०६१ आणि ५०५२ चे तुकडे आता वेगळ्या रंगाच्या टोकांचे आहेत: वाकवायचे निळे, न वाकवायचे लाल.